डोळ्यातला थेंब, दुखण्यावरचा उतारा

१५ सप्टेंबर १८८४. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली होती आणि तीत एक छोटासा निबंध वाचला गेला. वाचणारा मात्र त्याचा लेखक नव्हता. लेखक होता कार्ल कोलर, व्हिएन्नाच्या रुग्णालयातला सव्वीस वर्षांचा डॉक्टर. हायडेलबर्गच्या प्रवासाला त्याच्या खिशात पैसे नव्हते, म्हणून योसेफ ब्रेटाउअर या ओळखीच्या डॉक्टराने त्याचा कागद सोबत नेला आणि सभेत वाचून दाखवला. कागदातला मजकूर थोडका होता. कोकेनच्या द्रावणाचे काही थेंब डोळ्यात टाकले की डोळ्याला टाचणी लावली तरी रुग्णाला कळत नाही.

हे ऐकून सभा का थरारली असेल, हे समजायला त्याआधीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे आणावी लागते. ईथरने रुग्णाला बेशुद्ध करण्याची युक्ती १८४६ पासून ठाऊक होती. डोळ्याच्या डॉक्टरांना तिचा फारसा उपयोग नव्हता. ईथर किंवा क्लोरोफॉर्म उतरताना रुग्णाला उलट्या होत. मोतीबिंदू काढल्यानंतर डोळ्यावरची चीर टाके न घालता तशीच मिटायची ठेवलेली असे. एका जोरदार उलटीसरशी ती चीर उघडे आणि डोळा जाई. त्यामुळे रुग्ण जागा, दोन धट्टेकट्टे मदतनीस त्याचे डोके आणि हात दाबून धरणारे, आणि सर्जनची सगळी भिस्त हाताच्या चपळाईवर, असा तो प्रकार होता.

कोलरच्या शोधात सिग्मंड फ्रॉइडचाही वाटा आहे, आणि तो त्याच्या हातून निसटलेला वाटा आहे. पुढे मनोविश्लेषणाचा जनक म्हणून गाजलेला फ्रॉइड तेव्हा त्याच रुग्णालयात होता आणि थकवा, मरगळ, मॉर्फिनचे व्यसन अशा साऱ्यांवर कोकेन चालते का, हे अजमावत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे चाखणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. त्या उन्हाळ्यात फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गावी गेला. इकडे कोलरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: जी वस्तू जीभ बधिर करते, ती डोळाही करील. आधी बेडूक, मग ससा आणि कुत्रा, आणि शेवटी स्वतःचा डोळा, अशा पायऱ्यांनी त्याने खात्री करून घेतली. काही आठवड्यांतच ही बातमी अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या शस्त्रक्रियागृहांत पोचली. कोलरला मात्र व्हिएन्नात हवी ती जागा मिळाली नाही. तो ज्यू होता. १८८५ च्या जानेवारीत एका सहकाऱ्याने त्यावरून शिवी दिली तेव्हा प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेले आणि सहकारी जखमी झाला. कोलर १८८८ मध्ये न्यू यॉर्कला गेला आणि उरलेले आयुष्य तिथेच डोळे तपासत राहिला. अंगाचा नेमका एखादाच भाग बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची सारी परंपरा, दाताच्या इंजेक्शनपासून प्रसूतीपर्यंत, त्याच्या त्या थेंबापासून सुरू होते.

कोकेनच्या थेंबांचे दोष लवकरच दिसू लागले. एक तर व्यसन; दुसरे म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, त्याने खरवडल्यासारखा होई. १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन बनवले. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी बहुतेक ठिकाणी प्रोपॅराकेनचे थेंब घालतात. काही मिनिटांत डोळा बधिर होतो, आणि पुष्कळ रुग्णांना इंजेक्शनचीही गरज पडत नाही.

मग हेच थेंब घरी का देत नाहीत? वेल्डिंगचा झोत डोळ्याला लागलेला कामगार रात्री तळमळत दवाखान्यात येतो. डॉक्टर तपासण्यासाठी बधिर करणारा एक थेंब टाकतात आणि त्याला स्वर्ग दोन बोटे उरतो. 'साहेब, हीच बाटली द्या,' ही मागणी अगदी स्वाभाविक आहे आणि ती नाकारणे तितकेच आवश्यक. कॉर्नियात संवेदना वाहून नेणाऱ्या नसांचे जाळे शरीरात क्वचितच कुठे असेल इतके दाट असते. कॉर्नियाला दुखते म्हणून पापणी मिटते, पाणी येते, धुळीचा कण वाहून जातो. बधिर डोळ्यात यातले काहीच होत नाही. शिवाय हे औषध वारंवार घातले की जखम भरून काढणाऱ्या पेशींची हालचालच मंदावते. दुखणे थांबते, जखम वाढत राहते, आणि शेवटी कॉर्निया विरघळू लागते. ज्या औषधाने शस्त्रक्रिया शक्य केली, तेच हट्टाने घातले तर डोळ्यात कायमचे फूल पाडते.

दुखणे थांबवण्याचा दुसरा मार्ग नसा बधिर न करता, दुखवणाऱ्या द्रव्याचा कारखानाच बंद करण्याचा. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केले, पण ते काम कसे करते हे कळायला १९७१ उजाडले. जॉन व्हेन यांनी दाखवले की अ‍ॅस्पिरिनमुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होणे थांबते. सूज, लाली आणि ठणका यांत या द्रव्यांचा हात असतो. १९८२ चे नोबेल व्हेन यांना इतर दोघांबरोबर मिळाले. डायक्लोफेनॅक, कीटोरोलॅक, फ्लर्बिप्रोफेन ही याच घराण्यातली मंडळी थेंबांच्या रूपात डोळ्यातही आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला धक्का बसला की बाहुली आकसू लागते आणि सर्जनचे काम अडते. तेही प्रोस्टाग्लँडिनचेच काम, म्हणून हे थेंब आधीच घालतात. नंतर सूज आणि ठणका कमी ठेवायलाही तेच. इथेही अतिरेक नडतोच. १९९९ मध्ये अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या एका थेंबामुळे कॉर्निया विरघळल्याच्या तक्रारी आल्या आणि ते बाजारातून मागे घेतले गेले.

आता याच्या नेमकी उलटी गोष्ट. ज्या प्रोस्टाग्लँडिनला ठणक्याचा गुन्हेगार ठरवले होते, त्याच्यावरच काचबिंदूच्या सर्वांत चालत्या औषधाची इमारत उभी आहे. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू, न कळत, मरत जाते. सुरुवातीच्या प्रयोगांत प्रोस्टाग्लँडिनची मोठी मात्रा दिल्याने डोळ्याचा दाब वाढलेला दिसला, तेव्हा ते डोळ्याला घातकच, असे अनेकांनी धरले. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले लास्लो बिटो मात्र मात्रा कमी करत गेले आणि १९७७ पासूनच्या कामात दाब उतरताना दिसला. स्वीडनच्या कंपनीत त्यातून लॅटॅनोप्रोस्ट तयार झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रात्री एक थेंब पुरतो. त्याचा एक दुष्परिणाम म्हणजे पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. याच घराण्यातल्या एका औषधाला पुढे केवळ पापण्यांच्या सौंदर्यासाठी वेगळा परवाना मिळाला; बाजाराच्या कल्पकतेचे कौतुक करावे की काय, कळत नाही.

त्याआधी काचबिंदूवर राज्य होते पिलोकार्पिनचे. १८७० च्या दशकापासून हे वनस्पतिजन्य औषध वापरात आहे. ते बाहुली लहान करते आणि दाब उतरवते. त्याचेच थेंब चाळिशीचा चष्मा उतरवतात, असा गाजावाजा २०२४ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने केला. बाहुली बारीक झाली की जवळचे काही तास ठीक दिसते, एवढे खरे. चष्मा मात्र कपाटातच राहतो, फेकता येत नाही. जाहिरातीतले दावे मंजुरीपलीकडचे म्हणून केंद्राच्या औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली.

थेंब म्हणजे वरवरचे औषध, अंगात जात नाही, असा समज मराठी घरांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात तेवढे मावतही नाही. जेमतेम पाच टक्के किंवा त्याहूनही कमी औषध डोळ्याच्या आत शिरते. उरलेले गालावर ओघळते किंवा अश्रूंच्या नळीतून नाकात उतरते. थेंबानंतर घशाला कडवट लागते ते यामुळेच. नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून ते थेट रक्तात मिसळते, आणि गोळीसारखी यकृताची गाळणी त्याला लागत नाही. १९७८ पासून काचबिंदूत वापरले जाणारे टिमोलॉल हे थेंब दम्याच्या रुग्णाला जीवघेणा झटका आणू शकतात. म्हणून थेंब सुरू करण्याआधी डॉक्टरांना दमा, नाडी आणि हृदयाबद्दल सांगावे, एक थेंब पुरे, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबावा आणि दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात.

तरी सर्वांत मोठे नुकसान होते ते स्टेरॉईडच्या थेंबांनी. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि राज्यभर पसरली. साथ विषाणूची, म्हणजे बहुतेकांचे डोळे आठवड्याभरात आपोआप निवळणार. अ‍ॅन्टिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग नसतो. पण लाल डोळ्याला तासाभरात आराम देणारी जादू स्टेरॉईडमध्ये आहे, आणि ती मेडिकलच्या दुकानात कागद न दाखवताही मिळून जाते. अ‍ॅन्टिबायोटिकबरोबर स्टेरॉईड मिसळलेल्या बाटल्यांच्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा 'डी' किंवा 'डेक्स' असे शेपूट असते. कायद्याने ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या मुलाला अशी बाटली महिनोन्‌महिने घातली जाते. खाज थांबते म्हणून आईबाप समाधानी असतात. काही आठवड्यांच्या वापराने साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातला दाब कमीअधिक वाढतो. मुलाला काहीच दुखत नाही. कळते तेव्हा नस बरीच गेलेली असते, कधी मोतीबिंदूही सुरू झालेला असतो.

शेतात तर हा खेळ आणखी वाईट होतो. तोडणीच्या वेळी उसाचे पान किंवा पिकाचे धसकट डोळ्याला लागते, बुरशी आत शिरते आणि पांढरा ठिपका उमटतो. घरातली उरलेली 'लाली जाणारी' बाटली तिथे टाकली की बुरशीला पोषणच मिळते. तिच्यासाठी नाटामायसिन हे वेगळे औषध आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयसमूहात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने महागड्या व्होरिकोनॅझोलच्या थेंबांनाही मागे टाकले.

डोळ्याच्या बाहेरचे दुखणे थांबवणारी औषधेही डोळ्यापर्यंत पोचतात. अर्धशिशी टाळण्यासाठी दिले जाणारे टोपिरामेट काही जणांत पहिल्या काही आठवड्यांतच दोन्ही डोळ्यांचा दाब अचानक वाढवते; रुग्णाला वाटते, अर्धशिशीच बळावली. संधिवातावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, हळूहळू खराब होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे असतात. गोळी सांध्यांच्या डॉक्टरांकडची, तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडची; या दोन दारांमधल्या पायरीवर बरेच रुग्ण हरवतात.

डायक्लोफेनॅकने तर माणसाबाहेरही हाहाकार केला. आजारी गुरांना ठणका थांबवायला टोचलेले हे औषध मेलेल्या जनावराबरोबर गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती पटापट मेली. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये कारण उघड झाले, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वळवू नयेत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलीलिटरपुरती मर्यादित केली गेली.

पुन्हा डोळ्यांकडे यायचे तर, घरातल्या कपाटात वर्षभर पडलेल्या डोळ्यांच्या बाटल्या आजच काढून बघाव्यात आणि स्टेरॉईड असलेली, तारीख उलटलेली किंवा कुणाची आहे हे आठवत नाही अशी प्रत्येक बाटली टाकून द्यावी. आणि लाल डोळ्याबरोबर डोके ठणकत असेल, उलटी होत असेल, दिसणे अंधुक झाले असेल किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. हा दाब अचानक वाढल्याचा प्रकार असू शकतो. त्याच रात्री नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे.