होसकोट्याची नदी कुणाच्या हिशेबात?

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर आणि कोलारच्या जोडीने होसकोट्याचे नाव येते. मराठी वाचकाची या गावाशी ओळख बहुधा तेवढीच. बंगळूरच्या पूर्वेकडच्या उपनगरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली मंडळी तिरुपतीला जाताना इथून पुढे सरकतात, तेव्हा विस्तीर्ण तलाव त्यांच्या नजरेस पडतो. पाणी असले तर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षीही दिसतात. नदी मात्र सांगूनही सापडत नाही. तिचे नाव दक्षिण पिनाकिनी. नंदीदुर्गाच्या डोंगररांगेत उगम पावून ती होसकोट्यावरून तामिळनाडूत उतरते, तिथे पेन्नैयार म्हणवते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते.

ही नदी कधी मोकळी वाहत होती, असे समजून हळहळण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने होसकोटे वसवले. इथल्या तलावाचा बांध दोन मैल लांब असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. या सगळ्या मुलखात पाणी माणसाने कधीचेच अडवलेले आहे. पण ती अडवणूक साखळीची होती: वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्याला, तिथून पुढच्याला. पावसाळा सरल्यावरही जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे पात्रात येत राही. विंधनविहिरींनी ते झरे तोडले, निलगिरीच्या लागवडीने उरलीसुरली ओल शोषली. वरच्या अंगाला नदी कोरडी पडली ती अशी. होसकोट्याच्या खाली चित्र उलटे आहे. बेळ्ळंदूर आणि वरतूर तलावांतून बंगळूरचे मैलापाणी पात्रात येते, म्हणून तिथे नदी बारमाही. यातल्या बेळ्ळंदूरच्या पाण्यावर फेस साचतो, आणि तो तलाव पेटल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

हे पाणी मुळात या खोऱ्याचेच नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. बंगळूर एका उंचवट्यावर वसले आहे. पश्चिमेचा उतार वृषभावती आणि अर्कावतीतून कावेरीला मिळतो, पूर्वेचा पिनाकिनीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्कावतीवरच्या हेसरघट्ट्यातून शहराला नळाचे पाणी मिळू लागले, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीची भर पडली. 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणले जाते. त्यातला मोठा भाग वापरून झाल्यावर पूर्वेच्या नाल्यांत जातो. म्हणजे कावेरीचे पाणी पेन्नैयारमध्ये वळवणारी एक अघोषित योजना गेली पन्नास वर्षे चालू आहे, आणि तिच्यावर कुणी कधी भांडले नाही. मैल्यावर हक्क कोण सांगणार?

आता मात्र त्याला भाव आला आहे. 2018 पासून कोरमंगल-चळ्ळघट्ट खोऱ्यातले प्रक्रिया केलेले सांडपाणी होसकोट्याच्या पलीकडे, कोलारच्या तलावांत उपसून सोडले जाते. योजना रोजच्या 440 दशलक्ष लिटरची. वर्षाचे धरले तर साधारण 5.7 टीएमसी (अब्ज घनफूट). कोलारला ना बारमाही नदी, ना कालवा. तिथे तलाव भरलेले पाहून शेतकरी खूश झाला, यात नवल नाही. पण प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यावर थांबते आणि हे पाणी मुरून विंधनविहिरींत उतरते, म्हणून तिसऱ्या टप्प्याची मागणी तिथलेच लोक करत आले आहेत. ती मला रास्त वाटते. पुणेकरांना हा मामला नवा नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात जाणारे पाणी याच जातीचे.

या सगळ्या हिशेबात नदीचा स्वतःचा हिस्सा कुठे बसतो? कावेरी लवादाने 2007 मध्ये 740 टीएमसीची वाटणी करताना पर्यावरणासाठी 10 टीएमसी बाजूला ठेवले. दीड टक्काही नाही. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्राने 2018 मध्ये ऋतुमानाप्रमाणे 20 ते 30 टक्के प्रवाह राखण्याची अधिसूचना काढली. त्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये बंगळूरच्या कावेरी पाणीपुरवठ्याचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो रोज 775 दशलक्ष लिटरचा. वर्षाला बरोबर 10 टीएमसी! एका शहराच्या एका टप्प्याला जेवढे लागते, तेवढेच अख्ख्या नदीला तिच्या जगण्यासाठी. पाचव्या टप्प्यातली 110 गावे टँकरवर दिवस काढत होती, त्यांना पाणी नको असे कोण म्हणेल? 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो विंधनविहिरी आटल्या होत्या. पण पिनाकिनीच्या नावावर एवढाही आकडा लिहिलेला नाही. तिच्यावरून कर्नाटक आणि तामिळनाडू सर्वोच्च न्यायालयात गेले, ते मार्कंडेय उपनदीवरच्या धरणामुळे. वाद दोन राज्यांच्या वाट्याचा. तिसरा वाटेकरी म्हणून पात्राचे नाव कुणी घातले नाही.

पुढची मागणी तयारच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंगळूरच्या पिण्यासाठी 4.75 टीएमसी वाढवून दिले, आणि ते वापरण्यासाठी अर्कावती-कावेरी संगमाच्या खाली मेकेदाटूला 67 टीएमसीचे धरण प्रस्तावित आहे. त्यात कावेरी अभयारण्याचे जंगल बुडणार. शहरातून बाहेर पडून कोलारकडे जाणारे सांडपाणी योजनेप्रमाणे एकट्या एका खोऱ्यातले 5.7 टीएमसी आहे. हे पाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून उद्योग आणि बागांसाठी वापरले, तर तेवढेच कावेरीचे पाणी पिण्याला मोकळे होईल. मग कोलारला काय द्यायचे, आणि होसकोट्याच्या सांडव्यावरून उन्हाळ्यात किती सोडायचे, याचा तंटा उरेलच. तो निदान खऱ्या आकड्यांवर होईल.