पागोळीचं पाणी, गादीवाफ्याला

पागोळीखाली पिंप मांडायचं म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो : उन्हाळ्यापर्यंत हे पाणी पुरणार आहे का? नाही, पुरणार नाही. पावसाळ्यात साठवून एप्रिलमध्ये वापरण्याची सोय म्हणून पिंपाकडे पाहिलं, तर पदरी निराशाच येते. त्याचं काम वेगळं आहे.

आमच्या पुण्यातल्या घरामागे पत्र्याची शेड आहे, ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा १० मिलिमीटरची एक बरी सर आली, की या पत्र्यावरून सुमारे २०० लिटर पाणी उतरतं. थोडं उडालं-सांडलं तरी पिंप जवळजवळ भरतं. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरा. पत्र्यावर पडणार १४,००० लिटर आणि पिंपात मावणार २००!

मग उपयोग काय? उपयोग उघडिपीत. पावसाळ्यात सपाट वाफ्यात पाणी तुंबतं, मिरची-टोमॅटोची मुळं कुजतात. म्हणून आपण माती वीतभर उंच करून गादीवाफा बांधतो. पण निचरा चांगला म्हणजे सुकणंही लवकर. आठ-दहा दिवस पाऊस दडला आणि ऊन पडलं, की शेजारची जमीन ओलसर असताना गादीवाफा कोरडा पडतो आणि ऐन बहरातल्या मिरचीची फुलं गळतात. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता.

उघडिपीच्या उन्हात एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण ४ लिटर पाणी लागतं. माझा वाफा ३ चौरस मीटरचा. रोजचे १२ लिटर धरले, तर एक पिंप १६ दिवस चालतं. वर वाळलेला पाला अंथरला तर आणखी थोडं. तोवर बहुधा सर येते आणि पिंप पुन्हा भरतं. हंगामात ते पाच वेळा रिकामं झालं, तर त्यानं हजार लिटर पाणी दिलं. काठोकाठ भरून जपून ठेवलेलं पिंप मात्र दोनशेवरच अडून बसतं! शिवाय हे पाणी क्षारमुक्त. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरी पापुद्री धरते, तिला पावसाच्या पाण्यासारखा दुसरा उतारा नाही.

आता मांडणीचं. पिंप खाद्यतेलाचं किंवा लोणच्याचं घ्यावं. रसायनांचं कितीही धुतलं तरी नको. आरपार दिसणाऱ्या पिंपात शेवाळ धरतं, म्हणून निळं किंवा काळं बरं. मृगाची पहिली एक-दोन पावसं पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतात, ती बाहेर सोडून द्यावी. तरीही पाणी मुळाशीच घालावं, कोथिंबीर-पालकाच्या पानांवर नको. तोटी तळापासून चार बोटं वर बसवली की गाळ खाली राहतो. पिंपाखाली विटांचा चौथरा करावा, म्हणजे तोटीखाली झारी मावते. ठिबकाचा मोह मात्र आवरावा : नेहमीच्या ड्रिपरला साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो, आपल्याकडे असतो जेमतेम एक मीटरचा. गच्चीवर ठेवणार असाल तर भरलेलं पिंप २०० किलोंच्या वर जातं हे लक्षात घ्या. ते तुळईवर, भिंतीलगत असावं.

आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. तेव्हा पन्हळीच्या तोंडाला आणि जादा पाणी जाण्याच्या नळीलाही बारीक जाळी हवीच. झाकण घट्ट हवं. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं तो घरातल्या भांड्यांसाठी; पिंपाच्या बाबतीत तेवढं जमत नाही, म्हणून जाळीत हयगय नको.

हस्ताच्या सरी संपल्या, की उरलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात वाफ्याला देऊन टाकावं. मग पिंप आतून खराट्यानं घासावं, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. घासून झालं की सावलीत पालथं घालून ठेवावं, थेट मे अखेरपर्यंत.