हंगामाचा पैसा, महिन्याचा हप्ता

बोरांसाठी नावाजलेले मेहरूण आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे आणि औद्योगिक वसाहतही तेथून दूर नाही. त्यामुळे चटई किंवा पाइपच्या कारखान्यातला पगारदार, धान्याचा अडत्या आणि केळी-कपाशीवर घर चालवणारा शेतकरी असे तिघेही एकाच शोरूममध्ये, एकाच किमतीच्या गाडीसाठी कर्ज मागताना दिसू शकतात. तिघांची वर्षाची मिळकत सारखी असली तरी बँकेचे उत्तर सारखे मिळेलच असे नाही, कारण पतगुणांक माणसाची श्रीमंती मोजत नाही. त्याने पूर्वीची कर्जे किती नियमितपणे फेडली हे तो मुख्यतः मोजतो, आणि तेही केवळ नोंद झालेल्या कर्जांपुरते.

ही नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांपैकी सिबिल २००० मध्ये स्थापन झाली आणि या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा २००५ मध्ये झाला. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वरचा सर्वसाधारणपणे चांगला मानला जातो, पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी त्या आकड्यापाशी थांबत नाही. या कंपन्यांच्या अहवालात प्रत्येक कर्जाखाली मागील ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात आणि त्या त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, तो आकडा त्यात असतो. ००० म्हणजे थकबाकी नाही, ०३० म्हणजे तीस दिवसांची थकबाकी, आणि ९० दिवसांच्या पलीकडे गेलेले खाते अनुत्पादक ठरते. मोबाइलच्या हप्त्यातले दोन हजार रुपये राहून गेले असतील तरी दहा लाखांच्या अर्जात ते आडवे येतात, कारण किरकोळ रक्कम थकणे हे चणचणीपेक्षा बेफिकिरीचे लक्षण समजले जाते, आणि हा तर्क अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

खरी अडचण नोंदीबाहेरच्या व्यवहाराची आहे. सराफाकडे दागिना गहाण टाकून, अडत्याकडून उचल घेऊन किंवा पतपेढीतून कर्ज काढून शेती आणि लग्नकार्ये निभावून नेण्याची खानदेशातील रीत जुनी आहे. २००५ च्या कायद्याच्या कक्षेत सहकारी बँका येतात. पतसंस्था मात्र राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात आणि त्यांचे व्यवहार पतमाहिती कंपन्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. परिणामी वर्षानुवर्षे पतपेढीचा एकही हप्ता न चुकवलेला गृहस्थ अहवालात कोरा दिसतो आणि त्याच्या नावापुढे गुणांकाऐवजी उणे एक उमटतो. तेच कर्ज त्याने बँकेत दागिना तारण ठेवून काढले असते, तर त्याच परतफेडीची नोंद झाली असती. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचे आणि किमान गुणांकाची कोणतीही अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नसल्याचे केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. किती गुणांकाला कर्ज द्यायचे, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते.

कोऱ्या अहवालाच्या नेमकी उलट गत जामीनदाराची होते. भिडेखातर मेहुण्याच्या कर्जावर केलेली सही जामीनदाराच्या अहवालातही दिसते, आणि मेहुण्याने हप्ते थकवले तर स्वतः एक रुपयाही न उचललेल्या माणसाचा अर्ज अडतो. एकरकमी तडजोड केली की कर्जाचा डाग पुसला, हाही असाच एक गैरसमज आहे. जळगाव महापालिकेने हुडको या गृहनिर्माण वित्तसंस्थेच्या थकलेल्या कर्जातून २०१९ मध्ये राज्य शासनाच्या मदतीने एकरकमी तडजोड करून सुटका करून घेतली; संस्थेला असा मार्ग पचतो, परंतु व्यक्तीने बँकेशी तडजोड करून काही रक्कम माफ करून घेतली की ते खाते नुसते ‘बंद’ न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि पुढची बँक त्याचा अर्थ पूर्ण पैसे आले नाहीत, असाच लावते.

गुणांकाखेरीज बँक गाडीच्या किमतीचा किती भाग अर्जदार पदरचा घालतो आणि सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाचा किती हिस्सा खातात, हे पाहते. हा हिस्सा निम्म्याच्या आसपास गेला की हात आखडता घेतला जातो. व्याजाचा दरही गुणांकानुसार बदलतो: सात लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी मिळाले तर हप्ता सुमारे ११,२६० रुपये येतो आणि ११ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे ११,९९० रुपये, म्हणजे एकूण फरक साठ हजारांच्या घरात जातो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘फ्लॅट’ दर सांगण्याची पद्धत आहे. त्यात मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच लागत राहते, त्यामुळे पाच वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट हा दर प्रत्यक्षात वर्षाला सुमारे १४ टक्के पडतो.

शोरूममधील प्रतिनिधी एकच अर्ज चार-पाच ठिकाणी पाठवतात तेव्हा प्रत्येक बँकेची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि गुणांक काहीसा घसरू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने तसे होत नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि त्यातील चुकीबद्दल केलेली तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

शेतकऱ्याची अडचण मात्र चूक दुरुस्त करून सुटणारी नाही. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नये, असे राज्य शासनाने बँकांना वेळोवेळी बजावले आहे, पण मोटारीच्या कर्जाला ही सवलत नाही. ट्रॅक्टरचे हप्ते पिकाच्या हंगामाप्रमाणे सहामाही किंवा वार्षिक बांधून मिळतात. त्याच शेतकऱ्याच्या मोटारीचे हप्ते मात्र सहसा महिन्याचे असतात, आणि या भेदाला परंपरेपलीकडे फारसे सबळ कारण दिसत नाही. कपाशीचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतो, केळीची कापणी लागवडीनंतर साधारण वर्षभराने होते, आणि रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तोही पैसा हातात पडत नाही. अशा वर्षी थकलेला हप्ता आणि बेफिकिरीने थकवलेला हप्ता अहवालातल्या चौकोनात एकाच आकड्याने उमटतात. म्हणून कापणीची रक्कम आली की पुढच्या सहा महिन्यांचे हप्ते त्याच खात्यात बाजूला ठेवणे, आणि बाग गेलीच तर हप्ता चुकण्याआधी बँकेकडे लेखी अर्ज करून हप्त्यांची फेररचना मागणे, एवढेच कर्जदाराच्या हाती उरते. फेररचनेचीही नोंद अहवालात होते, पण ती ०९० च्या चौकोनापेक्षा परवडते.