‘शुद्ध’ म्हणजे नेमके काय?

मधाच्या बाटलीवर, तुपाच्या डब्यावर ‘शुद्ध’ हा शब्द आपण नेहमी वाचतो. तेथे त्याचा अर्थ ‘भेसळ नसलेले’ एवढाच असतो. रसायनशास्त्राची कसोटी अधिक कठोर आहे. ज्याचे घटक आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते, तोच शुद्ध पदार्थ. म्हणजे मूलद्रव्य किंवा संयुग. या कसोटीवर निर्भेळ दूधही शुद्ध ठरत नाही. पाणी, स्निग्धांश, प्रथिने आणि शर्करा यांचे ते मिश्रण आहे. मिश्रण असणे हा दोष नव्हे. मात्र मिश्रणातील प्रमाण बदलू शकते, आणि घरात वयोवृद्ध माणूस असेल तर तेच जपावे लागते.

मिठाची पिशवी

सोडियम क्लोराइड हे संयुग आहे. त्यात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम असते, मग ते समुद्रातून मिळालेले असो वा खाणीतून. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने ते हवे तेवढे खावे, हा समज चुकीचा आहे.

‘कमी सोडियम’चे मीठ मात्र हेतुपुरस्सर केलेले मिश्रण असते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून पोटॅशियम क्लोराइड घालतात; किती, ते प्रत्येक उत्पादनात निराळे. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. ती दुर्बल असतील, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडू शकते. त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करू नये.

जलसंजीवनीची पुडी

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी. हे सारे प्रमाणावर अवलंबून आहे.

कोरड्या भुकटीत हे घटक सर्वत्र सारखे पसरलेले असतीलच असे नाही. चमचाभर भुकटी पेल्यात घालून उरलेली उद्यासाठी ठेवली, तर एका पेल्यात मीठ अधिक आणि दुसऱ्यात साखर अधिक होऊ शकते. पूर्ण पुडी पूर्ण पाण्यात विरघळली, की प्रत्येक घोट सारखा होतो. लहान पुड्याही मिळतात. म्हणून पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी मोजून घ्यावे. हे द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती प्यावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तळाशी बसणारे औषध

काही पातळ औषधांत घन कण विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. बाटली उभी राहिली की ते तळाशी बसतात. न हलवता औषध दिले तर सुरुवातीच्या मात्रा सौम्य आणि शेवटच्या तीव्र होतात. ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा’ ही सूचना त्यासाठीच असते.

तेव्हा पुढील वेळी पिशवी वा बाटली हाती घ्याल, तेव्हा समोरचा ‘शुद्ध’ शब्द वाचून थांबू नका. ती उलटून मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक आणि त्यांचे प्रमाण वाचा. अक्षरे दिसत नसतील तर घरातील कोणाकडून वाचून घ्या.