ब्रह्मगिरीचा गाळ, लक्षद्वीपचे शिंपले

त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीच्या डोंगरांवर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पूर्वेला उतरलेले पाणी गोदावरीतून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेचे वैतरणेतून, वाटेत मुंबईची तहान भागवत, अरबी समुद्राला. सोबत गाळही जातो. त्याच गाळावर गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे कांदळवन उभे आहे आणि कोळंबीची पिल्ले तिथे वाढतात. आता हा गाळ वाटेतल्या धरणांत अडतो; १९७० च्या दशकाच्या मानाने निम्म्याहूनही कमी समुद्रापर्यंत पोचतो आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो आहे. समुद्राचे दुखणे पुष्कळदा असे दूर कुठेतरी सुरू होते.

प्रवाळाला मात्र गाळ मानवत नाही. गढूळ पाण्यात ऊन तळाशी पोचत नाही. म्हणून प्रवाळ अभ्यासायचे तर नदीच नसलेले लक्षद्वीप गाठायचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. दीपक आपटे यांनी तेच केले. १९९८ मध्ये त्यांचे भारतीय शंखशिंपल्यांवरचे पुस्तक आले होते. पक्ष्यांसाठी नावाजलेल्या संस्थेत त्यांनी बिनकण्याच्या जीवांची बाजू लावून धरली, आणि पुढे ते तिचे संचालकही झाले!

लक्षद्वीपात त्यांनी महाकाय शिंपल्यांवर काम केले. यातली ‘मॅक्सिमा’ ही जात प्रवाळखडकात अर्धीअधिक रुतून बसते. अळी असताना काही दिवस पोहायचे, तेवढाच प्रवास. एकदा बस्तान बसले की पळून जाणे नाही. कोणी उचकटू लागले तर निरुपाय. त्याच्या निळ्या-हिरव्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि यजमानालाही पोसते.

कायद्याने २००१ पासून या शिंपल्याला वाघाच्याच अनुसूचीत ठेवले आहे. पण पाण्याखाली पहारा कोण देणार? आपटे यांनी बेटावरच्या लोकांनाच राखणदार केले. ते पटण्याजोगेही होते: इथले कोळी गळाने ट्यूना धरतात आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिषाचे मासे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यातूनच मिळतात. या कामासाठी २००८ मध्ये त्यांना ब्रिटनमधला व्हिटली पुरस्कार मिळाला. माझ्या मते माणसे जोडणे हा त्यांच्या कामाचा अधिक अवघड भाग.

लोकांचा पहारा शिंपला उचकटणाऱ्याला अडवतो. तापलेल्या पाण्याला नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. अशा वेळी शिंपलेही आपले शैवाल गमावतात.