जालना जिल्हा झाला तेव्हा वार कोणता होता? सी भाषेतलं छोटं कॅलेंडर हे कसं ओळखतं

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवशी वार कोणता होता? मोबाईल दोन सेकंदांत सांगतो: शुक्रवार. पण मोबाईलच्या पोटात काही जुनी कॅलेंडरं रचून ठेवलेली नसतात. तो हिशोब करतो, आणि हा हिशोब सी भाषेत साठ-सत्तर ओळींत बसतो.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांकडे सी भाषेचा सुरुवातीचा प्रोजेक्ट म्हणून कॅलेंडर हमखास येतं. बरेच जण तयार कोड उचलतात. प्रोग्राम चालतोही. मग तोंडी परीक्षेत ‘हे ४०० कुठून आलं?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून कोड बाजूला ठेवून आधी हिशोबच समजून घेऊ.

प्रोग्रामला काय सांगायचं?

कमांड लाइन म्हणजे ती काळी स्क्रीन. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, पुढे महिना आणि वर्ष: ५ १९८१. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे आकडे प्रोग्रामपर्यंत अक्षरं म्हणून पोहोचतात. त्यांचं आधी संख्येत रूपांतर करावं लागतं. महिना १ ते १२ मध्येच आहे ना, हेही तिथेच तपासायचं. नाहीतर कुणीतरी १३ टाकतंच.

वार कसा निघतो?

तुमचा वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो, कधी दोन. कारण ३६५ ला ७ ने भागलं की बाकी १ उरते आणि लीप वर्षात २. सगळी गंमत या बाकीत आहे. सीमध्ये बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह (%) वापरतात.

१९८१ घेऊ. त्याआधी पूर्ण झालेली वर्षं १९८०. प्रत्येकाचा एक वार, म्हणजे १९८०. त्यात लीप वर्षांचे जादा वार मिळवायचे. ४ ने भागून ४९५, त्यातून शतकांची १९ वजा, ४०० ने भागून येणारे ४ अधिक. एकूण २४६०. याला ७ ने भागल्यावर बाकी ३. या पद्धतीत शून्य म्हणजे सोमवार, म्हणून १ जानेवारी १९८१ ला गुरुवार. जानेवारी ते एप्रिलचे दिवस १२०, त्यांची बाकी १. गुरुवारच्या पुढे एक: शुक्रवार.

इथे सीची एक सवय कामाला येते. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ती अपूर्णांक टाकून देते. एरवी नवशिक्यांना रडवणारी ही गोष्ट इथे नेमकी हवी तशीच आहे.

४०० चं उत्तरही यातच आलं. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवस आणि पाव दिवसाहून किंचित कमी वेळात होते. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर थोडा जास्तच वाढतो. म्हणून १००ने भाग जाणारं वर्ष लीप धरत नाहीत, पण ४०० ने जात असेल तर धरतात. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. (एक्सेल आजही १९०० ला लीप मानतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्राममधली चूक सुसंगतीसाठी तशीच ठेवली गेली.)

तुमचा प्रोग्राम तपासायला मराठवाड्यातलीच तारीख घ्या: १७ सप्टेंबर १९४८, मुक्तिसंग्राम दिन. उत्तर शुक्रवार यायला हवं. गुरुवार आलं, तर १९४८ च्या फेब्रुवारीला २९ दिवस द्यायचे राहिले असतील.

तक्ता छापणं हे उरलेलं काम. आठवडा रविवारपासून मांडला तर मे १९८१ मध्ये आधी पाच घरं रिकामी, मग १. शनिवार छापला की नवी ओळ. प्रत्येक आकड्याला सारखी रुंदी दिली नाही तर ९ नंतर सगळे रकाने वाकडे होतात. या महिन्याला सहा ओळी लागतात, सहावीत एकटी ३१ तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती कुठेतरी कोंबतात, तुम्हाला तसं करायची गरज नाही.

आणि मग शिवजयंती

आता जालन्याच्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या मुलाची जन्मतारीख घालून बघा: १९ फेब्रुवारी १६३०. इतिहास सांगतो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. प्रोग्राम सांगतो मंगळवार!

दोघेही खरं बोलतायत. ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपलं आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये घेतलं, तर ब्रिटनने १७५२ मध्ये. आजच्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. तो घालून बघा, शुक्रवारच मिळेल.

लिनक्सवरच्या ‘कॅल’ या कमांडला सप्टेंबर १७५२ विचारलं तर २ तारखेनंतर थेट १४ छापली जाते. ब्रिटनने गाळलेले ते अकरा दिवस.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. १७५३ च्या आधीचं वर्ष आलं की ‘हे वर्ष चालणार नाही’ असा संदेश द्यायचा, किंवा ज्युलियन हिशोबही लिहायचा. तो उलट सोपा आहे: १०० आणि ४०० ची भानगड नाही, पूर्ण झालेल्या वर्षांत फक्त ४ ने भागून आलेला आकडा मिळवायचा, आणि शून्य म्हणजे शनिवार. १६३० साठी १६२९ अधिक ४०७, बाकी ६, म्हणून १ जानेवारीला शुक्रवार. तिथून ४९ दिवसांनी, म्हणजे बरोबर सात आठवड्यांनी, १९ फेब्रुवारी.

तिथीचं मात्र या प्रोग्रामला विचारू नका. त्यासाठी सूर्य आणि चंद्र आकाशात कुठे आहेत हे मोजावं लागतं, आणि ते बारा महिन्यांच्या तक्त्यात बसत नाही.