भडोचचा माणूस रिद्धपुरात कसा रमला?

हेडफोन लावलेत ना? आज जरा आठशे वर्षं मागे जायचंय.

गेल्या आठवड्यात एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. ती रत्नागिरीची, नोकरी लागली मोर्शीला. म्हणते, "दादा, इथं उन्हाळ्यात घाम यायच्या आधीच वाळतो. समुद्र नाही, मासे नाहीत, आणि लोक 'मले-तुले' करत बोलतात ते अर्धं डोक्यावरून जातं. इथं माणूस रमतो कसा?"

ताई, गंमत अशी की तुझ्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तिथं समुद्राकडचा एक माणूस आला आणि पुरता बदलून गेला. चक्रधर स्वामी, महानुभाव पंथाचे संस्थापक.

नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. पण ते मूळचे मराठी मुलखातले नव्हते, हे परीक्षा झाली की विसरतो. ते गुजरातेतल्या भडोचचे. नर्मदा खंभातच्या आखाताला मिळते, तिथलं हे जुनं बंदर. ग्रीक खलाशी त्याला बारिगाझा म्हणायचे. तिथल्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव. पंथाची परंपरा सांगते की त्याला जुगाराचा नाद लागला. एकदा मोठी रक्कम हरला, देणं भागवायला बायकोकडे दागिने मागितले, तिनं नकार दिला. त्याचं मनच उडालं. रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घर सोडलं आणि वाटेत रिद्धपूर लागलं. भडोचपासून सरळ रेषेत मोजलं तरी साधारण ५०० किलोमीटर! (यामागे चांगदेव राऊळांच्या अवताराचीही कथा आहे, पण ती वेगळ्या भागात सांगावी लागेल.)

रिद्धपुरात त्याला गोविंदप्रभू भेटले. लोक त्यांना राऊळ म्हणत, आणि बरेच जण वेडेही समजत. कुणाच्याही घरात शिरायचे, दुकानातलं उचलून खायचे, पोरांत खेळायचे, मध्येच रागवायचे. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्याकडेही जायचे. पण काही अडलं की तेच गाव आईकडे धावावं तसं त्यांच्याकडे धावायचं. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्यांच्या या आठवणींचा इंग्रजी अनुवाद केलाय, १९८४ साली तो छापून आला. मिळाला तर जरूर वाचा, काही प्रसंगांना मोठ्यानं हसू येतं.

हरिपाळानं त्यांच्या हातचा प्रसाद घेतला. चक्रधर हे नावही त्यांनीच दिलं, असं परंपरा मानते. मला वाटतं ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. मुलूख नंतर आवडला, आधी एक माणूस आवडला.

उरलेलं अर्धं उत्तर भाषेत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला त्यांनी बारा वर्षं तप केलं असं सांगतात. मग पायी फिरत गोदावरीकाठी पैठणपर्यंत गेले. बोलायचे मराठीत, आणि समोर कोण? शेतकरी, बाया, पंडित, सगळेच. आंधळे आणि हत्तीची गोष्ट आठवते? ती त्यांच्या दृष्टांतांत आहे. केशोबासांनी असे ११४ दृष्टांत पुढे गोळा केले. पुस्तकी भाषा शिकून हे जमत नाही बाप्पा, त्यासाठी ओसरीवर बसून लोकांचं ऐकावं लागतं. शिष्यांना त्यांनी बजावलं होतं की महाराष्ट्रातच राहा, कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नका. सांगणारा स्वतः भडोचचा!

साधारण १२७४ मध्ये ते निघून गेले. शिष्य पोरके झाले आणि रिद्धपुरात गोविंदप्रभूंपाशी गोळा झाले. महदाइसेनं धवळे रचले ते इथंच. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी जमवल्या आणि १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात 'लीळाचरित्र' तयार झालं. त्या मंडळींत संस्कृतचे मोठे पंडित होते, संस्कृतात लिहायची हौसही होती. पण नागदेवाचार्यांनी अडवलं. संस्कृत झालं तर आमच्या म्हाताऱ्या बायांना काय कळणार, हा त्यांचा मुद्दा. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ असा जन्मला, आणि त्यात जपलेलं बोलणं कुणाचं, तर समुद्राकडून आलेल्या एका परक्या माणसाचं. भाषेवरून कोण आपलं, कोण बाहेरचं अशी भांडणं मोबाइलवर रोज दिसतात, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

पुढे पंथ पार पंजाबात गेला. तिथं त्याला जय कृष्णी म्हणतात. तिकडचे अनुयायी पोथ्यांसाठी मराठी शिकले. आणि आता राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरातच आहे.

तर ताई, एखाद्या रविवारी रिद्धपूरला जाऊन ये. गोविंदप्रभूंचा राजमठ बघ. मासे तिथंही मिळणार नाहीत, ते मात्र आधीच सांगून ठेवतो. चहाच्या टपरीवर एखादी आजी भेटली तर घाई करू नको, बसून घे जरा. आणि तुझ्या तोंडून पहिल्यांदा 'मले' निघालं ना, की लगेच व्हॉइस मेसेज टाक. पुढच्या भागाची सुरुवात त्यानंच करू.